पायपेटीमागून ऐकलेलं तारण

पेटी दुरुस्त करणाऱ्याला सगळ्यांचे देव भेटतात. भजनी मंडळं येतात, कीर्तनकार येतात, उरुसात कव्वाली गाणारे येतात. देव प्रत्येकाचा वेगळा, तक्रार मात्र एकच: "यासीनभाई, पेटी बोंबलतेय." माझं दुकान कसबा पेठेत. वडिलांनी टाकलं, मी चालवलं. माझ्यानंतर चालवणारं कुणी नाही, कारण मुलगा हिंजवडीला कॉम्प्युटरसमोर बसतो. त्याच्या फोनमध्येही एक पेटी आहे. ती म्हणे कधीच बिघडत नाही. मला तो आगाऊपणा वाटतो.

पेटीत जादू काही नसते. भात्यानं हवा भरायची, ती हवा पितळेच्या पातळ जिभांवरून जाते, जीभ थरथरते आणि आवाज निघतो. या जिभांना आमच्या धंद्यात सूर म्हणतात. बिघाड करणारेही ठरलेले: धूळ, ओल आणि उंदीर. लोणी काळभोरच्या भजनी मंडळाचे एक तात्या एकदा टेम्पोतून पेटी घेऊन आले. म्हणाले, "पेटी लई रडतीया. आत काय तरी हाय." उघडली तर भात्यात उंदरीण, पिलांसकट. मी म्हटलं, "तात्या, भात्याचं कातडं बदलायला लागेल, पण आधी हे बिऱ्हाड हलवू." तात्यांचा जीव कळवळला. "ऱ्हाऊ द्या की पिल्लं मोठी हुईस्तवर. लेकुरवाळी हाय ती. सप्त्याला अजून येळ हाय." आणि पेटी तशीच माझ्या दुकानात ठेवून ते गेले. पिलं मोठी झाली आणि जाण्याआधी माझ्या आणखी दोन भात्यांचं कातडं खाऊन गेली. पुण्य तात्यांच्या खात्यावर, भाते माझे. सत्कर्माचा हिशेब वाटतो तितका सरळ नसतो, हे मला धंद्यानं असं शिकवलं.

पण सांगायचंय ते नाना पेठेतल्या एका ख्रिस्ती देवळाबद्दल. जुनी मराठी ख्रिस्ती मंडळी चर्चला देऊळच म्हणतात आणि पाद्र्यांना पाळकसाहेब. त्या देवळात एक विलायती पायपेटी आहे, चांगली कपाटाएवढी. तिचा भाता पायांनी मारायचा, म्हणजे दोन्ही हात वाजवायला मोकळे. तिचा आजार विचित्र होता. मी सोमवारी जायचो तेव्हा ती शहाण्यासारखी वाजायची. रविवारी देऊळ भरलं, एवढ्या माणसांच्या श्वासाची दमट हवा झाली, की लाकूड फुगायचं आणि बोट उचललं तरी एखादा सूर ओरडतच राहायचा. आजारी मूल डॉक्टरसमोर खेळायला लागतं, तसाच प्रकार. तेव्हा इलाज एकच, रविवारी उपासना चालू असताना पेटीच्या मागे बसायचं आणि सूर अडकला की तिथल्या तिथे सोडवायचा. मागे लाकडी आडोसा होता, त्यात एक स्टूल. मी कुणाला दिसायचो नाही, पण मला सगळं ऐकू यायचं. आडोशाच्या फटीतून थोडं दिसायचंही.

अशी वीसेक वर्षं मी पावसाळ्यातले जवळजवळ सगळे रविवार आणि एरवी अधूनमधून तिथं बसलो आहे. पुण्यातल्या कुठल्याही मुसलमानानं माझ्याइतकी ख्रिस्ती प्रवचनं ऐकली नसतील. बायको म्हणायची, "हमारी बात कब्बी इत्ती ध्यान से सुनी क्या?" मोहल्ल्यात एकदोघांनी भुवया उंचावल्या. मी मशिदीतल्या इमामसाहेबांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, "काम करो, ईमान संभालो, और बिल्कुल झगडा मत करना." पहिल्या दोन गोष्टी मी पाळल्या.

झगडा झाला तो पहिल्याच रविवारी. तेव्हाचे पाळकसाहेब सांगत होते की माणूस कितीही चांगली कामं करो, त्यांच्या जोरावर तो तरत नाही. तारण ही देवाची देणगी आहे, ती विश्वासानं घ्यायची असते, कमवायची नसते. मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. खुदाचं घर म्हणून मजुरी न घेण्याचं मी सकाळीच ठरवलं होतं, सवाब, म्हणजे पुण्य, मिळेल म्हणून. आणि इथं आडोशापलीकडे साहेब सांगत होते की असल्या गोष्टींनी वर काही मिळत नाही.

उपासना संपल्यावर मी हे पेटी वाजवणाऱ्या दीनाबाईंना बोलून दाखवलं. दीनाबाई रणपिसे म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. लग्न केलं नव्हतं, नाना पेठेतच भाचा आणि त्याची बायको यांच्याबरोबर राहायच्या. तरुणपणापासून ती पेटी त्याच वाजवत आल्या होत्या. वाजवायला बसण्याआधी चपला काढून नीट जोडून ठेवायच्या आणि अनवाणी भाता मारायच्या. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग मजुरी घ्या. तुमचंही भलं, आमच्या खजिनदारांनाही पावती फाडता येईल."

तिथून आमचा वाद सुरू झाला तो आजपर्यंत मिटलेला नाही. मिटू नये, अशीच दोघांची इच्छा असावी. उपासना संपली की मी पेटीची मागची फळी लावायचो, बाई गीतांची पुस्तकं गोळा करायच्या, आणि तेवढ्या वेळात आमचं एक प्रकरण व्हायचं.

मी म्हणायचो, "बाई, कर्मांनी काही होत नसेल तर माणसानं चांगलं वागायचं कशाला?"

"आधी खोली मिळते, मग माणूस ती झाडतो. झाडून दाखवली म्हणून खोली मिळत नाही."

"पुण्यात मिळतच नाही. आणि मिळाली तर आधी डिपॉझिट मागतात."

"म्हणून तर त्याला कृपा म्हणायचं, घरमालक नाही."

माझं म्हणणं साधं होतं आणि आजही आहे. आम्हाला लहानपणापासून तराजू शिकवलेला. कयामतच्या दिवशी कणभर नेकी आणि कणभर बदीसुद्धा तोलली जाणार. माझं ओझं मीच उचलायचं, दुसरा कुणी उचलणार नाही. हजरत ईसांचं नाव आम्हीही अदबीनं घेतो, ते आमचेही पैगंबर. पण माझ्या गुन्ह्यांसाठी त्यांनी का सोसावं, हे मला तेव्हाही पटलं नाही, आताही पटत नाही. मी हे बाईंना तोंडावर सांगितलं. त्या म्हणाल्या, "पटलं असतं तर मला संशय आला असता. पटण्यासारखं ते नाहीच."

एकदा मात्र मी फार चिडलो होतो. मंडळीतला एक माणूस वारला. जन्मभर बायकोला मारलेलं, दारूपायी घर उधळलेलं. शेवटच्या आठवड्यात त्यानं पश्चात्ताप केला, आणि त्याच्या अंत्यविधीच्या उपासनेत साहेबांनी तो तारला गेल्याचं सांगितलं. पेटीसाठी मी त्या दिवशीही आडोशामागे होतो, नुसता धुमसत होतो. नंतर बाईंना विचारलं, "आणि त्या बाईनं एवढं सोसलं, त्याचं काय? ते कोण तोलणार?"

बाई गीतांची पुस्तकं एकावर एक रचत राहिल्या. मग म्हणाल्या, "तो प्रश्न मलाही पडतो, यासीनभाई. देवाला विचारायच्या गोष्टींत तो पहिला आहे. पण कृपा चुकून जास्त वाटली गेली असेल, तर ती चूक मला चालेल." त्या उत्तरानं माझं समाधान झालं नाही. पण उत्तर माहीत नसताना माहीत असल्यासारखं त्यांनी दाखवलं नाही, म्हणून माझा त्यांच्यावर जीव जडला.

खरं सांगायचं तर आमच्यातले जाणते लोकही सांगतात की नुसत्या आमालांच्या, म्हणजे कर्मांच्या, जोरावर कुणी जन्नतमध्ये जाणार नाही, अल्लाहची रहमत, म्हणजे कृपा, हवीच. हे मी बाईंना बरीच वर्षं सांगितलं नाही. वादात आपले पत्ते कुणी असे उघडे टाकतं का?

दोनेक वर्षांपूर्वी बाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली. बोलणं लवकर सुधारलं, काठी घेऊन चालायलाही लागल्या, पण उजवा हात काही परतला नाही. पेटी बंद पडली. देवळात तरुण पोरं गिटार आणि की-बोर्ड वाजवायला लागली. वाईट वाजवत नव्हती, फक्त मोठ्यानं वाजवत होती.

बाई देवळात यायच्या बंद झाल्या. आधी सगळ्यांना वाटलं, अशक्तपणा असेल. पण भाच्याबरोबर त्या दवाखान्यात जायच्या, मंडईतही एकदा दिसल्या होत्या. देवळात तेवढं यायचं नाही. जन्म त्या भिंतींत गेलेला माणूस घरातून रस्त्याकडे बघत बसायचा. हळूहळू जेवणही कमी झालं. भाच्याची बायको शैला मला रस्त्यात भेटली तेव्हा रडकुंडीला आली होती. "आत्या कुणाशी बोलत नाहीत हो. अशानं त्या फार दिवस काढणार नाहीत," ती म्हणाली. आताचे पाळकसाहेब तरुण आहेत, ते दोनतीनदा घरी जाऊन आले. बाईंनी त्यांना सांगितलं, "मी प्रार्थना घरी करते. देव इथंही असतो, तुम्हीच शिकवता." मग साहेब माझ्या दुकानात आले आणि म्हणाले, "तुमच्याशी भांडायला तरी त्या उठून बसतील."

मी कारागीर माणूस. मला वाटलं, बाईंना वाजवता येत नाही म्हणून त्या खचल्यात, तर वाजवता येईल अशी सोय करू. पेटीला कपलर म्हणून एक जोडणी असते. ती लावली की एक पट्टी दाबताना वरच्या सप्तकातली तीच पट्टी आपोआप दाबली जाते, आणि एका हाताचं वाजवणं दोन हातांसारखं भरदार ऐकू येतं. तशी जोडणी मी त्या पायपेटीसाठी बनवली. पाय भाता मारू शकणार नाहीत म्हणून जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर काढून हवेसाठी बसवली. ती आधी विमानासारखी घोंघावली. मग ती शेजारच्या खोलीत एका पेटाऱ्यात ठेवली, भोवती गादीचा फोम भरला, नळीनं हवा आत आणली. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात चांगलं काम असेल. डाव्या हातानं वाजवून पाहिलं तेव्हा माझेच डोळे भरून आले.

मग मी मोठ्या तोऱ्यात बाईंच्या घरी गेलो. शैलानं दार उघडलं. बाई खिडकीशी खुर्चीत होत्या, उजवा हात पदराखाली. मी खुर्चीत बसलो आणि सगळं सांगितलं, कपलर, मोटर, फोमसकट.

बाईंनी ऐकून घेतलं. "कुणी सांगितलं होतं हे करायला?"

"कुणी नाही."

"म्हणजे वाजवलं तरच मी देवळात यायचं, असं तुमचं मत आहे."

माझ्या डोक्यात ते तसं आलंच नव्हतं, पण केलं मी तसंच होतं. तराजूवाला माणूस! दुखणं कुठलंही असो, मी औषध म्हणून काम घेऊन गेलो.

तेवढ्यात शैलानं चहा आणला. एक कप माझ्यापुढे, एक बाईंपुढे. मी माझा संपवला. बाईंनी कपाला हात लावला नाही. चहावर साय धरली. शैला म्हणाली, "घ्या ना आत्या." बाई म्हणाल्या, "नंतर." शैलानं माझ्याकडे पाहिलं आणि ती आत गेली. तेव्हा माझी ट्यूब पेटली. जेवण का कमी झालं होतं, तेही कळलं. माझ्यासमोर त्यांना डाव्या हातानं कप उचलायचा नव्हता.

मी हळूच विचारलं, "डावा हात म्हणून?"

बाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "लहानपणी ताटाला डावा हात लावला की आई फटका द्यायची. शाळेत मीही पोरांना तेच शिकवलं. कुणाला काही देताना, घेताना, उजवा हात. आता मी देवळात जाऊ, प्रभुभोजनाच्या वेळी सगळ्यांच्या देखत पुढे जाऊ, आणि तिथं डावा हात पुढे करू? त्याच्यासमोर?"

म्हणजे कारण पेटी नव्हतीच. ख्रिस्ती मंडळी येशूची आठवण म्हणून भाकरीचा एक तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट घेतात, त्याला प्रभुभोजन म्हणतात. तो तुकडा डाव्या हातात घ्यावा लागेल म्हणून ही बाई इतके महिने घरात बसली होती. बाहेरच्या माणसाला हसू येईल. मला आलं नाही, कारण आमच्या घरातही डाव्या हाताला ताटापाशी प्रवेश नाही. उलट आमच्याकडे ते जास्तच कडक.

क्षणभर वाटलं, आपणही डाव्या हातानं कप उचलावा. पण ते नाटक झालं असतं. माझा उजवा हात धडधाकट होता, मला सवलत नव्हती.

सवलत हा शब्द मनात आला आणि वडील आठवले. मी म्हटलं, "बाई, आमच्या नमाजमध्ये उभं राहायचं, वाकायचं, कपाळ जमिनीला टेकायचं, सगळं ठरलेलं. पण उभं राहता येत नसेल तर बसून पढा. बसता येत नसेल तर पडून. तेही जमत नसेल तर नुसत्या इशाऱ्यानं. माझ्या वडिलांनी शेवटचे महिने खाटेवर पडून, पापण्या हलवून नमाज पढली. ती कमी भरली असं कुणी म्हटलं नाही. आम्ही हिशेबवाले लोक, कायदेवाले. आमच्याकडे एवढी सूट आहे. आणि तुम्ही, सगळं फुकट मिळतं असं मला वीस वर्षं सांगणाऱ्या, तुमच्याकडे एक डावा हात चालत नाही?"

बाईंनी मान वळवली. त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. "फुकट नाही, यासीनभाई. कृपा. फुकटच्या वस्तूची किंमत कुणीच दिलेली नसते. कृपेची दिलेली असते, फक्त आपण दिलेली नसते."

"ते मला पटत नाही, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे."

"पण तुमचं म्हणणं धरून विचारतो. ज्यानं एवढी किंमत दिली म्हणता, तो घेणाऱ्याचा हात डावा की उजवा, हे बघत बसेल?"

बाईंचे डोळे भरले होते आणि ते पुसायलाही डावाच हात होता. तो त्यांनी पदराला लावला, मग जरा थांबून कपाकडे नेला. कप उचलताना थोडा चहा बशीत सांडला. एक घोट घेऊन त्यांनी तोंड वाकडं केलं आणि आत हाक मारली, "शैला, गार झालाय ग. दुसरा आण. आणि या खेपेला बशी मोठी आण."

पुढच्या प्रभुभोजनाच्या रविवारी मी न सांगता जाऊन आडोशामागे बसलो. पेटी बंदच होती, म्हणजे तिथं माझं काहीच काम नव्हतं. असा रिकाम्या हातांनी मी त्या स्टुलावर कधी बसलो नव्हतो. उपासना सुरू झाली तरी बाईंचा पत्ता नाही. पहिलं गीत संपता संपता दारात रिक्षा थांबली. शैलाच्या आधारानं बाई आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या.

वेळ आली तशी रांग लागली. बाई काठी टेकत पुढे आल्या. मी फटीला डोळा लावून उभा. मनातल्या मनात मी माझ्या अल्लाहला म्हणत होतो, यांची लाज राख. पाळकसाहेब समोर आले. बाईंनी काठी शैलाकडे दिली आणि डावा हात पुढे केला. साहेबांनी भाकरीचा तुकडा त्या तळव्यावर ठेवला, नेहमीचे शब्द म्हटले आणि पुढच्या माणसाकडे वळले. कुणी वळून पाहिलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. ज्या गोष्टीची बाईंनी इतके महिने धास्ती घेतली होती ती एका श्वासात झाली आणि रांग पुढे सरकली. बाई मात्र मिटल्या मुठीनं जागच्या जागी उभ्या होत्या. शैलानं हलवलं तेव्हा भानावर आल्या.

नंतर अंगणात भेटल्या. चेहरा मोकळा होता. म्हणाल्या, "जन्मभर प्रवचन चालू असताना मी पुढच्या गीताची पानं काढत बसायचे. आज पहिल्यांदा पूर्ण ऐकलं. फारच लांब असतं हो."

"मी वीस वर्षं ऐकतोय," मी म्हटलं.

"मग अजून तुमच्या डोक्यात का शिरत नाही?"

मी त्या दिवशी माझे पत्ते टाकले. रहमतशिवाय आमच्यातही कुणाची सुटका नाही, हे त्यांना सांगितलं. बाई काठीवर रेलून माझ्याकडे बघत राहिल्या. "एवढी वर्षं हे लपवून ठेवलंत?" मी म्हटलं, "तराजू आहेच, बाई. पण तो धरणारा मेहरबान आहे, एवढंच." त्या म्हणाल्या, "चला, एका रविवारपुरतं एवढं पुरे."

आता मी काम जवळजवळ थांबवलं आहे. पहाटेच्या नमाजनंतर दुआसाठी हात उचलतो तेव्हा आधी रहमत मागतो, मग केलेल्या-न केलेल्या कामांचं बोलतो. पूर्वी क्रम उलटा होता. इमामसाहेब म्हणतात, हाच क्रम बरोबर. म्हणजे मी ख्रिस्ती झालो नाही, चांगला मुसलमान झालो असेन तर ते अल्लाह जाणे.

बाईंनी माझ्या कपलरला चार महिने हात लावला नाही. मी आठवण केली नाही. मग एका रविवारी उपासनेआधी त्यांनी शैलाला चपला काढायला सांगितल्या, पेटीसमोर बसल्या आणि म्हणाल्या, "यासीनभाई, मोटर सुरू करा बघू." डाव्या हातानं वाजवलं. दोनदा चुकल्या, मंडळी गात राहिली. तेव्हापासून वाटलं तर त्या वाजवतात, हात दुखत असला तर गिटारवाल्या पोरांना खुणेनं सांगतात आणि मागच्या बाकावर जाऊन बसतात. ज्या रविवारी वाजवत नाहीत, त्या रविवारीही येतात.